खासगी टपाल आणि कात्रजचा घाट

'कात्रजचा घाट दाखविणे' हा वाक्प्रचार साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६६३ च्या एप्रिल महिन्यात, चैत्र शुद्ध अष्टमीच्या रात्री, शिवछत्रपतींनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटे छाटली. मोगली फौज पाठलागास निघाली, तेव्हा बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडण्यात आले. त्या उजेडालाच मराठ्यांचे सैन्य समजून मोगल धावले आणि महाराज सिंहगडाकडे सुखरूप पोहोचले, अशी कथा पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कात्रजच्या रहिवाशांना या कथेचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु आज साडेतीनशे वर्षांनंतर त्याच कात्रजमध्ये आपणच पलित्यांमागे धावत आहोत, असे म्हणण्याची पाळी आली आहे. 'खासगी', 'सुरक्षित', 'स्विस', 'स्वदेशी' अशा नावांचे पलिते डोळ्यांसमोर नाचत आहेत. आणि आपले टपाल नेमके कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहण्यास कोणालाही सवड नाही.

या लेखाचे निमित्त अगदी साधे आहे. कात्रज परिसरातील एका लहानशा पतसंस्थेच्या बैठकीस प्रस्तुत लेखक सभासद म्हणून उपस्थित होता. विषयपत्रिकेवर एकच नवा विषय होता: संस्थेचा ई-मेल कोणत्या सेवेवर ठेवावा? एक संचालक म्हणाले, "गेली पंधरा वर्षे अमेरिकन कंपनीचा फुकट ई-मेल चालू आहे, तोच चालू द्या." दुसरे, ज्यांचा मुलगा हिंजवडीत संगणक अभियंता आहे, ते म्हणाले, "स्वित्झर्लंडची सेवा घ्या, ती कोणालाच वाचता येत नाही." तिसऱ्यांनी मूठ आवळून सांगितले, "स्वदेशी घ्या, बाकी चर्चा नको." चौथ्या एका वृद्ध सभासदांनी विचारले, "आपल्याकडे लपविण्यासारखे आहे तरी काय?" तासभर वाद झाला आणि विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला.

चारही मते प्रामाणिक होती आणि चारही अपुरी होती. वाचकांच्या घरी, कचेरीत, संस्थेत हाच वाद आज ना उद्या होणार आहे. म्हणून प्रत्येक मताचा समाचार घेणे आवश्यक आहे.

'लपविण्यासारखे आहे काय?'

वृद्ध सभासदांच्या प्रश्नापासूनच आरंभ करू, कारण बाकीच्या सर्व बेफिकिरीचे मूळ त्यातच आहे. पतसंस्थेच्या ई-मेलमध्ये काय असते? सभासदांचे पॅन आणि आधार क्रमांक, कर्जाचे अर्ज, थकबाकीच्या नोटिसा. कोणी मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागितले, कोणी पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने तारण ठेवले, कोणाचा धंदा बुडाला, हे सारे त्या पेटीत आहे. यांतील एकही गोष्ट लज्जास्पद नाही. तरीही यांतील एकही गोष्ट चव्हाट्यावर यावी, असे कोणास वाटेल? घराला दार असते ते घरात चोरीचा माल असतो म्हणून नव्हे, तर ते आपले घर असते म्हणून.

आणि राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्याने तरी हा प्रश्न विचारू नये. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी घोषित झाली, ४ जुलैला संघावर बंदी आली, संघाचे तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस याच पुण्याच्या येरवडा कारागृहात स्थानबद्ध होते. त्या काळात ज्यांनी निरोप पोहोचविले, चक्रमुद्रित पत्रके वाटली, त्यांना विचारा. साध्या अंतर्देशीय पत्रात 'काकांची प्रकृती बरी आहे' असे लिहून त्यातून वेगळाच अर्थ पोहोचविण्याची वेळ कार्यकर्त्यांवर का आली? टपाल उघडले जाईल, ही धास्ती होती म्हणूनच ना? टपाल अडविण्याचा अधिकार इंग्रजांनी १८९८ च्या टपाल कायद्यात लिहून ठेवला होता. स्वराज्य आले, तरी तो राहिला. त्या कायद्याची जागा घेणारा नवा टपाल कायदा २०२३ साली संमत झाला, त्यातही तो आहे. सत्ता कोणाची आहे, यावर अधिकाराचे स्वरूप ठरत नाही. आज आपल्या आवडीचे सरकार आहे म्हणून कुलूप काढून ठेवायचे आणि उद्या नावडते आले की कुलूप शोधत फिरायचे, हा शहाणपणा नव्हे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. लपविण्यासारखे काही असो वा नसो, तो अधिकार आपला आहे. तेव्हा पहिल्या मताचा निकाल येथेच लागतो.

फुकटच्या पेटीची किंमत

आता अमेरिकन फुकट पेटीकडे वळू. या कथेत एक धागा आपल्याच शहरातून जातो. १९९६ साली हॉटमेल सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, सबीर भाटिया, यांचे काही शालेय शिक्षण पुण्यात झाले. भारतीय बुद्धीने उभारलेली ती सेवा १९९७ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. २००४ च्या एप्रिलमध्ये गूगलचा जीमेल आला. त्या काळी स्वप्नवत वाटणारी एक जीबी जागा त्याने फुकट दिली आणि जगाने आनंदाने आपली पत्रे त्याच्या हवाली केली. त्या पत्रांतील मजकूर यंत्राकरवी चाळून त्यानुसार जाहिराती दाखविण्याची पद्धत गूगलने सुमारे तेरा वर्षे चालविली. ती थांबविण्याची घोषणा २०१७ साली झाली. आज जाहिरातींसाठी पत्रे चाळली जात नाहीत, हे मान्य. परंतु पेटीची किल्ली कंपनीपाशी आहे आणि कंपनी अमेरिकन कायद्याखाली आहे, ही वस्तुस्थिती जशीच्या तशी आहे.

त्या कायद्याचा अर्थ काय, हे २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने जगासमोर मांडले. 'प्रिझम' या योजनेखाली मोठ्या अमेरिकन कंपन्यांकडील माहिती तेथील हेरसंस्थेपर्यंत कशी पोहोचते, हे त्याने उघड केलेल्या कागदपत्रांतून दिसले. मार्च २०१३ या एका महिन्यात संगणकजालातून गोळा केलेल्या माहितीच्या तक्त्यात इराण, पाकिस्तान, जॉर्डन आणि इजिप्त यांच्या पाठोपाठ भारत पाचव्या क्रमांकावर होता. आपण अमेरिकेचे शत्रू होतो काय? नव्हतो. तरीही यादीत होतो. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, आणखी एक कागद प्रकाशित झाला. ज्या परदेशी राजकीय पक्षांवर पाळत ठेवण्यास अमेरिकेच्या गुप्त न्यायालयाने २०१० साली अनुमती दिली होती, त्यांत भारतीय जनता पक्षाचे नाव होते. दिल्लीने अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्यास पाचारण करून निषेध नोंदविला. निषेध नोंदविला गेला. आपल्या कार्यकर्त्यांच्या ई-मेल पेट्या मात्र होत्या तेथेच राहिल्या! २०१८ साली अमेरिकेने 'क्लाउड' कायदा करून, माहिती जगात कोठेही साठविलेली असली तरी ती मागण्याचा आपला अधिकार आणखी स्पष्ट केला. 'आमचा सर्व्हर मुंबईत आहे' या विक्रेत्याच्या आश्वासनाला त्यामुळे किती अर्थ उरतो, हे सुज्ञांनी ठरवावे.

आणि केवळ कोणी वाचतो, एवढाच हा प्रश्न नाही. कोणी बंद करू शकतो, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने गुजरातेतील वाडिनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियन भांडवल आहे. भारताने हे निर्बंध लावलेले नव्हते, अमेरिकेनेही नव्हते. तरी काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या ई-मेल आदी सेवा थांबविल्या. पैसे भरलेले होते, करार झालेला होता, कंपनी भारतीय भूमीवर होती. पण कर्मचाऱ्यांना आपलीच पत्रे उघडेनात. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, दरम्यान आपल्या ई-मेलसाठी रेडिफ या भारतीय सेवेचा आश्रय घेतला आणि महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली. वाडिनारच्या अवाढव्य कारखान्याची ही गत, तर कात्रजच्या पतसंस्थेचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

स्विस पलिता

तर मग स्वित्झर्लंड? येथे न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या विज्ञानसंस्थेत भेटलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रोटॉन मेल सुरू केला. तिची मूळ कल्पना उत्तम आहे. आपल्या पेटीतील पत्रांचा मजकूर आपल्याच संगणकावर कूटलिपीत बदलतो आणि किल्ली आपल्या परवलीच्या शब्दाने बंद राहते; कंपनीला तो मजकूर वाचता येत नाही. जर्मनीतील हॅनोव्हरची टुटा, जी पूर्वी टुटानोटा या नावाने ओळखली जाई, तीही याच मार्गाने जाते आणि पत्राचा विषयही कूटलिपीत ठेवते. प्रोटॉनमध्ये विषयाच्या ओळीला तसे संरक्षण नाही. दोन्ही सेवांनी आपल्या ॲपची संहिता तपासणीसाठी खुली ठेवली आहे. हे गुण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु 'कोणालाच वाचता येत नाही' हे अभियंता-पुत्राच्या पित्याचे विधान अर्धसत्य आहे. प्रोटॉनवरून आपण जीमेल वापरणाऱ्या सनदी लेखापालाला साधे पत्र पाठविले, की त्याची एक प्रत गूगलच्या पेटीत उघडीच पडते. आपल्या दाराला सात कुलपे असली, तरी पत्र शेजाऱ्याच्या ओट्यावर पडले तर उपयोग काय? दुसरे असे की, कोणी, कोणाला, केव्हा लिहिले, ही पाकिटावरची नोंद पत्र पोहोचविणाऱ्याला कळतेच. २०२१ साली फ्रान्समधील एका पर्यावरणवादी कार्यकर्त्याच्या प्रकरणात स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशानुसार प्रोटॉनला त्याच्या संगणकाचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. २०२० साली जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने टुटानोटाला एका पेटीत येणारी, कूटबद्ध नसलेली नवी पत्रे तपास यंत्रणेला मिळतील अशी व्यवस्था करण्यास सांगितले. या कंपन्यांनी बेइमानी केली, असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांनी आपापल्या देशाचा कायदा पाळला. मुद्दा एवढाच की, तो देश आपला नाही, त्याच्या विधिमंडळात आपला प्रतिनिधी नाही आणि तेथील न्यायालयात जाण्याची आपली ऐपत नाही. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सरकारने पाळतीचे नियम कडक करण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा खुद्द प्रोटॉनने आपली काही यंत्रसामग्री त्या देशाबाहेर हलविण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या 'स्विस' शब्दावर आपण विसंबायचे, त्याच्यावर ती कंपनीच विसंबून राहिलेली नाही.

आणि 'स्विस' शब्दाच्या पुण्याईविषयी भारताने तरी भोळे राहू नये. स्वित्झर्लंडमधील झुग येथील क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक दशके जगभरच्या सरकारांना कूटलेखनाची यंत्रे विकत होती. १९७० साली अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची गुप्तचर संस्था यांनी ती गुपचूप विकत घेतली आणि त्या यंत्रांत आपल्याला वाचता येईल अशी फट ठेवली. हे सारे पुराव्यानिशी उघड झाले फेब्रुवारी २०२० मध्ये. शंभराहून अधिक ग्राहक देशांच्या त्या यादीत भारताचेही नाव होते! तटस्थतेचा पलिता पाहून जग घाटात धावत राहिले. आजच्या प्रोटॉनचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नाही आणि तसा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. पण देशाचे नाव म्हणजे सुरक्षेची हमी नव्हे, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

बंदी हा उपाय नव्हे

येथे दुसऱ्या टोकाचाही विचार केला पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत चेन्नईतील शाळांना बाँबच्या खोट्या धमक्यांचे ई-मेल आले, तेव्हा प्रोटॉन मेलवर बंदी घालण्याची मागणी पुढे आली. २९ एप्रिल २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने, एका खासगी कंपनीतील महिला कर्मचाऱ्यांविषयी अश्लील ई-मेल पाठविल्याच्या प्रकरणात, ही सेवा रोखण्याची कार्यवाही करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. ज्या भगिनींवर हा प्रसंग ओढवला, त्यांची वेदना खरी आहे आणि गुन्हेगार सापडलाच पाहिजे, यात दुमत असू नये.

पण बंदीने काय साधते? धमकी देणारा दुसऱ्या दिवशी दुसरी पेटी उघडतो. अशा पेट्या जगात शेकडो आहेत. उरतो तो प्रामाणिक डॉक्टर, वकील, वार्ताहर, ज्याने कष्टाने आपले टपाल सुरक्षित केले होते. कुलूप वापरून चोराने गोदाम बंद केले म्हणून गावातली सर्व कुलपे जप्त करीत नाहीत. गुन्हा करणाऱ्या एका पेटीविरुद्ध दोन देशांतील कायदेशीर साहाय्याच्या मार्गाने आदेश मिळविणे शक्य आहे. फ्रान्सच्या प्रकरणात तेच घडले. तो मार्ग संथ आहे, म्हणून तो जलद करण्यासाठी भारताने करार करावेत, आग्रह धरावा.

स्वदेशीची कसोटी

आता आपल्या अंतःकरणाच्या विषयाकडे. श्रीधर वेंबू यांची झोहो ही कंपनी १९९६ पासून उभी आहे. जाहिरातींवर न जगण्याचे तिचे धोरण आहे, तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात तिने तरुणांना काम दिले आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल तिच्या यंत्रणेवर नेण्यात आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला पत्ता झोहोवर नेल्याचे जाहीर केले. वाडिनारच्या संकटात धावून आलेली रेडिफ मुंबईची. या दोन्ही गोष्टींचा आनंद प्रत्येक देशाभिमानी माणसाला व्हावा.

मात्र मूठ आवळून 'बाकी चर्चा नको' म्हणणाऱ्या आमच्या संचालक बंधूंना नम्रपणे विचारावेसे वाटते: स्वदेशी म्हणजे नेमके काय स्वदेशी? झोहोवरचे साधे पत्र वाटेत आणि साठवणीत कूटबद्ध असते, हे खरे. परंतु त्याची किल्ली कंपनीच्याच व्यवस्थापनात असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अन्वये सरकार ती पत्रे उघडून मागू शकते आणि साहाय्य नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हा आदेश देतो सचिव, न्यायाधीश नव्हे. दहशतवाद्यांचा माग काढण्यासाठी असा अधिकार हवा, हे कोणीही मान्य करील. पण ज्या अधिकारावर न्यायालयाची आधी मोहोर लागत नाही, तो कोणाच्या हाती कसा वापरला जाईल, हे १९७५ ने आपल्याला शिकविले आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. परंतु अधिसूचित सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

आणखी एक आठवण. सप्टेंबर २०१८ मध्ये झोहोचे कोट्यवधी ग्राहक काही तासांसाठी आपल्या पेट्यांना मुकले. कारण काय? कंपनीच्या यंत्रांत बिघाड नव्हता. ज्या अमेरिकन नोंदणीदाराकडे 'झोहो डॉट कॉम' हे नाव नोंदलेले होते, त्याने काही तक्रारींवरून ते नावच बंद केले. घर आपले, माणसे आपली. पण दारावरची पाटी परक्याच्या हाती. वेंबूंनी त्यातून धडा घेऊन नावनोंदणीची स्वतःची व्यवस्था उभारली, हे त्यांच्या कर्तृत्वाला शोभणारेच झाले.

म्हणून स्वदेशी ही पहिली पायरी आहे, अखेरची नव्हे. ज्या स्वदेशी सेवेत किल्ली ग्राहकाच्या हाती नाही, ती सेवा परकीयांपासून आपले रक्षण करील, पण खासगीपणाचे पूर्ण रक्षण करणार नाही. हे बोलणे म्हणजे स्वदेशीला विरोध नव्हे. स्वदेशी माल निकृष्ट असला तरी मुकाट्याने घ्यावा, ही दया झाली. तो जगात सर्वोत्तम असावा असा हट्ट धरणे, ही निष्ठा झाली. झोहोच्या अरट्टाई या संदेशसेवेचा २०२५ मध्ये गाजावाजा झाला, तेव्हा तिच्या लिखित संदेशांना दोन टोकांमधले पूर्ण कूटलेखन नव्हते. ग्राहकांनी त्यावर बोट ठेवले आणि कंपनीने ते काम हाती घेतले. टीका करणारे स्वदेशीचे शत्रू नव्हते, हे त्यातून सिद्ध झाले.

कात्रजचा नळ

मग निवड करावी तरी कशी? याचे उत्तर कात्रजच्या तलावातच आहे. सन १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधून तेथून भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पुण्याच्या पेठांतील हौदांपर्यंत पाणी आणले. उगम आपल्या ताब्यात. मार्ग जमिनीखालून, म्हणजे वाटेत कोणी सहज विष कालवू नये. ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले, म्हणजे आत उतरून तपासणी व दुरुस्ती करता यावी. आणि अखेरीस हौद, जेथे सामान्य माणसानेही घागर भरावी. टपालाच्या सेवेकडे हेच चार प्रश्न घेऊन जावे. उगम कोणाचा, म्हणजे कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे? मार्ग झाकलेला आहे काय, म्हणजे किल्ली केवळ आपल्यापाशी आहे काय? उच्छ्वास आहेत काय, म्हणजे तिची संहिता जाणकारांना तपासता येते काय? आणि हौद आपल्या आवाक्यात आहे काय, म्हणजे दाम परवडतो काय आणि घरातल्या आजोबांना ती वापरता येते काय?

या कसोट्यांवर आज एकही सेवा चारही प्रश्नांत उत्तीर्ण होत नाही. प्रोटॉन आणि टुटा मार्ग व उच्छ्वास यांत उत्तीर्ण, उगमात अनुत्तीर्ण. झोहो आणि रेडिफ उगमात उत्तीर्ण, मार्गात उणे. अमेरिकन फुकट पेटी केवळ हौदाच्या सोयीत पुढे. तेव्हा निवड कामाच्या स्वरूपावरून करावी. संस्था, दुकान, शाळा, पतसंस्था यांचा धोका मुख्यतः सेवा अचानक तुटण्याचा आणि परक्या कायद्याचा. त्यांनी भारतीय सेवा घ्यावी, दाम मोजून घ्यावी. रुग्णांची कागदपत्रे हाताळणारे डॉक्टर, पक्षकारांची गुपिते सांभाळणारे वकील यांनी संवेदनशील पत्रव्यवहारासाठी किल्ली स्वतःपाशी ठेवणारी वेगळी पेटी ठेवावी, मग ती आज परदेशी असली तरी चालेल. आणि समोरच्यालाही तीच घेण्यास सांगावे, अन्यथा श्रम व्यर्थ. अशा पेटीचा परवलीचा शब्द हरवला आणि पुनर्प्राप्तीची किल्लीही जपली नसेल, तर जुनी पत्रे कायमची गेली, हेही आधी समजून घ्यावे. किल्ली आपल्या हाती असणे म्हणजे ती सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच.

आणि सर्वांनी एक गोष्ट अवश्य करावी: आपले स्वतःचे नाव, 'डॉट इन' किंवा देवनागरीतील 'डॉट भारत', नोंदवून घ्यावे आणि पत्ता त्या नावावर ठेवावा. मग सेवा कोणतीही असो, ती बिघडली तर घर बदलता येते आणि पाटी तीच राहते. वर्षाला काही शे रुपयांत मिळणारे हे स्वातंत्र्य सोडून कंपनीच्या नावाचा पत्ता आयुष्यभर मिरविणे म्हणजे भाड्याच्या घराचा पत्ता कुलदैवताच्या पत्रिकेवर छापण्यासारखे आहे.

मागणी

तात्पुरती निवड झाली, तरी कर्तव्य संपत नाही. उगमही आपला आणि किल्लीही आपली, अशी सेवा भारतात का असू नये? अमेरिकेने क्रे महासंगणकाच्या बाबतीत आडकाठी केली, तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली याच पुण्यात सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध केला. संगणक-विषाणूंशी झुंजणारी क्विक हील ही कंपनी काटकर बंधूंनी याच शहरातून उभी केली. ज्या नगरीत हे घडले, तेथे कूटलेखन जाणणारे शंभर तरुण मिळू नयेत? सरकारने सी-डॅकसारख्या संस्थांना हे काम द्यावे, झोहोसारख्या कंपन्यांनी ग्राहकाच्या हाती किल्ली देणारी पेटी काढावी, आणि कलम ६९ खालील आदेशावर न्यायाधीशाची मोहोर आवश्यक करावी. ग्राहकांनी या तीन मागण्या सातत्याने लावून धरल्या पाहिजेत. मागणीवाचून बाजारही हलत नाही आणि शासनही हलत नाही.

जुन्या मराठी राजपत्राच्या अखेरीस मोर्तब उठविले जाई, ते मजकूर येथे संपला हे दाखविण्यासाठी. त्याखाली कोणी आपली ओळ घुसडू नये, ही त्यामागची सावधगिरी. पत्राच्या पावित्र्याची एवढी चाड असलेल्या राज्याचे आपण वारस आहोत. पतसंस्थेची पुढील बैठक लवकरच आहे. प्रस्तुत लेखक तेथे भारतीय सेवेच्या बाजूने हात वर करील, संस्थेच्या स्वतःच्या नावाचा आग्रह धरील आणि त्याच ठरावात एक ओळ जोडण्याची सूचना मांडील: किल्ली ग्राहकापाशी देण्याची लेखी मागणी संबंधित कंपनीकडे पाठवावी. एका लहान संस्थेचे ते पत्र कदाचित केराच्या टोपलीत जाईल. परंतु अशी दहा हजार पत्रे गेली, तर टोपली पुरणार नाही.

घाट दाखवायचा की घाट पाहायचा, हे ठरविण्याची वेळ आता कात्रजकरांवर आणि आपणा सर्वांवर आली आहे.